गुडघा काय बोलतो

धाकूबाच्या उजव्या गुडघ्याला विचारल्याशिवाय त्या घरात मिठाचा खडा हलत नव्हता, आणि हे सगळ्या बाळकुम गावाला माहीत होतं, कुणाला त्यात हसण्यासारखंसुद्धा काही वाटेनासं झालं होतं. सकाळी ऊन अंगणात उतरलं की थोरला गोपीनाथ मिठागरावरून यायचा, पायाला चिखल तसाच, बापाच्या बाजेपाशी उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "बाबा, गुडगा काय बोलतंय?"

मग धाकूबा डोळे मिटणार, दोन्ही हातांनी गुडघा आवळणार, तोंड कसंनुसं करणार, आणि आख्खं घर हातातलं काम टाकून बघत राहणार. कधी म्हणायचा, "मीठ ओढा." कधी म्हणायचा, "दोन दिस थांबा." थांबलं तर कोंड्यांतला, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतला, दाणा टपोरा होणार, आणि थांबलं आणि मधेच आभाळ फुटलं तर सगळ्या मोसमाचं मीठ पुन्हा पाणी होऊन खाडीत. पंधरा वर्षं हे असंच चाललेलं. गेल्या साली मात्र गुडघा चुकला. थांबा म्हणाला आणि दुपारी वळीव कोसळला, अकरा कोंड्या धुऊन गेल्या. तरी गोपीनाथ दुसऱ्या दिवशी परत येऊन उकिडवा बसलाच.

त्या दिवशी वैशाखातली सकाळ, आणि पश्चिमेला ढग. गोपीनाथनं विचारलं. धाकूबानं गुडघा धरला, आणि धरूनच बसला.

"बाबा?"

"उद्या सांगतंव."

असं तो कधीच म्हणाला नव्हता. गोपीनाथ थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग उठून गेला, आणि जाताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर काहीतरी हललं. ते चुलीपाशी बसलेल्या गोदानं पाहिलं. हसू म्हणावं तर हसू नाही. पण तिला ते आवडलं नाही.

गोदा म्हणजे धाकटी सून, पोपटची बायको. चार वर्षं झाली होती तिला या घरात येऊन, आणि चार वर्षं त्या गुडघ्याची सेवा तिच्याकडेच. जाडं मीठ तव्यावर भाजायचं, फडक्यात बांधायचं, शेकायचं. त्यामुळे तिला एक गोष्ट माहीत होती जी घरात बाकी कुणालाच माहीत नव्हती. म्हातारा झोपला, अगदी डोळा लागून घोरायला लागला, तरी त्याचा उजवा हात गुडघ्यावरून सुटायचा नाही. ती हळूच बोटं सोडवायला जायची, तर बोटं परत मिटायची. तान्ह्या पोरासारखी. मग तीही तशीच बसून राहायची, हातात थंड झालेली मिठाची पुरचुंडी घेऊन.

आणि देव्हाऱ्यामागच्या फळीवर एक पत्र्याची डबी होती. एक महिना झाला होता तिला तिथे.

ती डबी पोपटनं आणली होती ठाण्याहून. पोपट रेल्वेत लागलेला, कल्याणपर्यंत मालगाडीबरोबर जायचा, आणि येता-जाता ठाण्याच्या दवाखान्यातल्या हरिहरपंत डागदरांशी त्याची ओळख झालेली. पंतांनी सांगितलं होतं, सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, न चुकता. डबी आली त्या दिवशी गोदाला एवढा आनंद झाला की तिनं तव्यावरचं मीठ जाळून टाकलं. पण घरात कर्ता गोपीनाथ, त्याला विचारल्याशिवाय कसं द्यायचं? आणि विचारायचं तर थोरल्या दिराशी धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. समोर आला की पदर ओढून भिंतीकडे वळायचं, आणि काय सांगायचं ते सखुआत्याकरवी. सखुआत्या म्हणजे धाकूबाची विधवा बहीण. घरातले अर्धे निरोप तिच्या तोंडून जायचे आणि अर्धे परत यायचे.

"आत्याबाय, त्यांना विचारा ना, बाबांना गोली देऊ का."

सखुआत्या मिठागरावर गेली आणि आली. "गोपी बोल्ला, मीठ ओढून होवंदे, मंगं बगू."

गोदानं डबी फळीवर ठेवली. तिला वाटलं, गोळीनं गुडघा मुका होईल म्हणून दादांना भीती असणार. वाईट वाटलं, पण पटलंही. घर मिठावर चाललं होतं. म्हाताराही म्हणाला होता, "नको गो, ऱ्हावंदे." मग तिनंही राहू दिलं. रोज देवापुढे दिवा लावायची, रोज डबी दिसायची, रोज हात तिकडे जायचा आणि परत यायचा.

तर त्या सकाळी, गोपीनाथ परत मिठागराकडे वळतोय तेवढ्यात वेशीकडून पोपट आला आणि बरोबर हरिहरपंत! काळा कोट, डोक्यावर पागोटं, हातात देवी टोचायची पेटी. पोरांना टोचायला गावात आले होते, पोपटनं घरीच वळवून आणले.

"काय धाकूबा, कसं आहे?" पंत बाजेवरच बसले. "गोळ्यांनी आराम पडला का?"

धाकूबा छपराकडे बघत होता. पोपटनं गोदाकडे पाहिलं, आणि गोदा आत गेली, डबी घेऊन आली, आणि खाली मान घालून पंतांच्या हातात दिली. त्यांनी झाकण काढलं. आत बोट फिरवलं.

"साठ दिल्या होत्या. साठच्या साठ आहेत की रे या!"

"अगो..." पोपट बायकोकडे वळला, "यो काय? मना बोललीस नाय?"

"तू घरान असतंस कवा?" सखुआत्या मधे पडली. "आनि ती काय बोलंल? डागदर, तुमी रागं भरू नका. ती अफूची गोली. माजा घो अफूनच गेला. पयली पोटदुखीला खल्ली, मंगं जेवनाआदी, मंगं जेवनच नको. मना ठावं हाय ता कसा होतंय."

पंत रागावले नाहीत. म्हणाले, "सखुबाई, थोडी अफू आहे त्यात, मी लपवत नाही. तुमच्या यजमानांना मोजून देणारं कुणी नव्हतं. इथे मी मोजून देतोय, दोन म्हणजे दोन. आणि दुखायला लागल्यावर घ्यायची, असंही नाही. दुखणं वर चढायच्या आधी घ्यायची. नाहीतर निम्मा उपयोग नाही."

मग त्यांनी धाकूबाचं धोतर सारलं, पोटरी एका हातात धरली आणि पाय हळूच लांब करायला घेतला. पाय अर्ध्यावर थांबला. आणखी थोडं रेटलं, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं परसातल्या कोंबड्या उडाल्या.

पंतांनी पाय खाली ठेवला, अगदी सावकाश. "दोन वर्षांपूर्वी मी पोपटला काय म्हटलं होतं? औषध न्या, दुखणं कमी करा, आणि रोज शंभर पावलं चालवा. औषध नेलंत ते गेल्या महिन्यात. दुखतंय म्हणून माणूस हलत नाही, आणि हलत नाही म्हणून सांधा धरतो. आता हा धरलाय. गोळीनं दुखणं उतरेल. चालणं... नाही सांगता येत."

"डागदर," गोपीनाथ बोलला.

तो इतका वेळ अंगणाच्या कडेला उभा होता, खांद्यावर मीठ ओढायची फळी घेऊन. तो कमी बोलणारा माणूस, आणि जे बोलला ते त्यानं वाईट वाटावं म्हणून नाही बोलला, उलट फार सांभाळून, समजुतीनं बोलला, तेच तर वाईट झालं.

"तुमी मोठी मानसा. पन कनाला त्याना अफू देता? त्याना तवढा दुखत नाय."

"काय म्हणालास?"

"म्हातारा मानूस हाय. बसून हाय. चार मानसांनी येवन इचारावा, बसावा, असा वाटतंय त्याना. म्हनून मी रोज इचारतंव. मना काय कलत नाय काय? गुडगा काय पावूस सांगतंय? ता सगला..." त्यानं हवेत हात फिरवला. "मी बोलत नाय कवा. बापूस हाय. पन सोंगाला औषद कनाला?"

पोपटचं तोंड उघडंच. गोदानं पदराआडून बाजेकडे पाहिलं. धाकूबाचे डोळे छपरावरच होते, फक्त गुडघ्यावरचा हात इतका घट्ट झाला होता की नखं पांढरी पडली होती. ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

पंत उठले, डबी गोदाच्या हातात दिली. "पोरी, तू देत जा," एवढंच म्हणाले, आणि पोपटबरोबर पोरं टोचायला गेले. गोपीनाथ मिठागरावर गेला. सखुआत्या काहीतरी निमित्त काढून परसात.

राहिली गोदा आणि म्हातारा.

तिला वाटलं तो रडत असेल. पण नाही. तो नाकानं हवा ओढत होता, लहान लहान, कुत्रं माग काढतं तशी. एकदा पश्चिमेकडून, मग मान वळवून दुसरीकडून. आणि ते करताना गुडघ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"बाबा," ती बाजेपाशी बसली. "दादा बोलतात ता..."

"अर्धा खरा हाय."

"कंचा अर्धा?"

म्हातारा म्हणाला, "गुडग्याला काय कलतंय गो? त्यो रोज दुकतंय. उनान दुकतंय, थंडीन दुकतंय. पावूस नाकाला कलतंय. वारा खाडीवरशी फिरला का चिखलाचा वास बदलतंय. चिंबोरी आपला बील बुजवतंय. ता बगून मी सांगायचो. बांदावर उबा ऱ्हाऊन सांगायचो तवा माजा बापूसबी ऐकायचा."

"मंगं गुडगा?"

"पाय बसला तवा गोपी वीस वर्सांचा. मी आंगनातशी बोल्लो, आज ओढ रं. तो बोल्ला, बाबा, तुमाला हितनं काय दिसतंय? नाय ओढला. मंगं दुसऱ्या खेपंला मी बोल्लो, माजा गुडगा ठणकतंय, पावूस येल. आनि गो, सगली धावली!" तो हसला, दात नसलेलं तोंड उघडून, पण हसू लगेच विरलं. "येकदा बोल्लो, मंगं बोलतच ऱ्हायलो. सकालचा लेक येवन जवल बसंल ना, म्हनून. दुकना गेला तर कोन इचारंल मना? म्हनून तुज्या गोलीला नको बोल्लो. पन दुकना खोटा नाय, पोरी. त्याचा काय खोटा नाय."

चार वर्षं गोदा तो गुडघा शेकत होती, आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, किती दुखतं. पाऊस येईल का, हे तिनंही विचारलं होतं. चार-पाच वेळा तरी. वाळवण घालायचं असलं की.

"घेता आथा?" तिनं डबी उघडली.

म्हाताऱ्यानं डबीकडे पाहिलं. "आथा सोंग उघडा परला. दे."

त्यानं गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्यायला, आणि पोरासारखं विचारलं, "कवा थांबंल?"

अर्ध्या घटकेनं तो बोलता बोलता थांबला. मग आडवा झाला. मग घोरायला लागला. गोदा पंख्यानं माश्या वारत बसली होती, आणि तिनं बघितलं की त्याचा उजवा हात गुडघ्यावरून घसरला. हळूहळू. बाजेच्या काठावर आला, आणि खाली लोंबला, तळवा वर, बोटं उघडी. चार वर्षांत तो तळवा तिनं असा कधी पाहिलाच नव्हता. आत खोल काळ्या रेघा होत्या, फळी धरून धरून पडलेल्या.

ती उठली ती थेट दारात गेली. गोपीनाथ जेवायला आला होता, पाय धूत होता. तिनं पदर ओढला नाही. सखुआत्याला हाक मारली नाही.

"दादा, हिकरं या."

गोपीनाथच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सखुआत्या ओरडलीच, "गो, तुना लाज..."

"या म्हनते ना! बगा."

तो आला. बाजेपाशी उभा राहिला. काय बघायचं ते त्याला कळेना.

"हात बगा त्यांचा," गोदा म्हणाली. "चार वर्सं मी बगते. निजले तरी तो हात गुडग्यावरनं सुटत नाय. घोरत असतात तरी सुटत नाय. निजलेला मानूस सोंग करतो का, दादा? कोनासाठी करंल? मी एकटीच असते हितं."

गोपीनाथ खाली बघत राहिला. त्या उघड्या तळव्याकडे.

"गुडगा पावूस सांगतो, ता सोंग हता," गोदा म्हणाली. "तुमी बसावा म्हनून. पावूस त्यांना नाकाला कलतो. दुकना खरा हाय."

"पन आत्या बोल्ली..." गोपीनाथ सखुआत्याकडे वळला. "तू बोल्लीस मना. बाबाला गोली नको, तवढा दुकत नाय त्याला, आसा तोच बोल्ला म्हनून."

सखुआत्या खांबाला टेकली. तिचं तोंड एवढंसं झालं.

"म्यां तर गोली देऊ का, यवढाच इचारायला सांगितला हता," गोदा हळू म्हणाली.

"मी भ्यायले रं," सखुआत्या म्हणाली. "घो गेला, आथा भाऊस जाल, म्हनून भ्यायले. दोनीकरचा निरोप मीच फिरवला. मना वाटला, दुकला तर दुकंल, जित्ता तरी ऱ्हाल."

गोपीनाथ तिच्यावर ओरडला नाही. ओरडायला हवं होतं, गोदाला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाजेपाशी बसला, रोजच्यासारखा उकिडवा, आणि मग तसं बसवेना म्हणून जमिनीवर मांडी घालून बसला. जेवला नाही. दुपार कलली. पश्चिमेचे ढग थोडे वर आले, कोंड्यांतलं मीठ तसंच पडून, गडी दोनदा विचारून गेले, आणि तो म्हणाला, "बाबा उटूंदे."

धाकूबा उठला तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं होतं. त्यानं डोळे उघडले, समोर लेक दिसला, आणि सवयीनं त्याचा हात गुडघ्याकडे निघाला. मधेच थांबला. जणू काय करायचं ते हातालाच सुचेना.

"दुकतंय?" गोपीनाथनं विचारलं.

पंधरा वर्षांत हे पहिल्यांदा. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, बघतच राहिला.

"नाय," तो म्हणाला. "आथा नाय."

गोपीनाथनं मान खाली घातली. "मग नाक काय बोलतंय, बाबा?"

धाकूबानं हवा ओढली. एकदा, दोनदा. मग मान हलवली. "हितनं नीट नाय कलत रं. हितं चुलीचा वास, गोठ्याचा वास. म्हनून तर गेल्या साली चुकलो. बांदावर जावा लागतंय त्याला."

"मंगं बोल्ला का नाय कवा? नेला असता की तुमाला."

"गुडग्याला बांद कनाला लागतंय?" म्हातारा म्हणाला.

पंधरा वर्षं. कोंड्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि ज्यानं त्या बांधल्या त्याला पंधरा वर्षांत कुणी तिथे नेला नव्हता, कारण गुडघा अंगणात बसूनही सांगत होता.

गोपीनाथ वळला, पाठ बाजेला लावून वाकला. "या."

पोपट परतला तर त्यानं पाहिलं काय, की दादाच्या पाठीवर बाबा, आणि मागून डोक्यावर पदर नसलेली त्याची बायको हातात डबी घेऊन, आणि तिच्यामागे बरंच अंतर ठेवून सखुआत्या. तो काही विचारणार होता, पण गोदानं मान हलवली, आणि तोही मुकाट चालायला लागला.

धाकूबाचा वाकडा पाय लेकाच्या कमरेशी तसाच वाकडा राहिला होता, सांधा धरलाय हे पंतांनी सांगितलंच होतं. पण हात मोकळे होते. बांधावर आल्यावर गोपीनाथ थांबला. समोर कोंड्या, पांढऱ्याशुभ्र, आणि त्यांच्यापलीकडे कोलशेतकडची खाडी. म्हाताऱ्यानं नाक वर केलं. गडी फळ्या घेऊन तयार उभे, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. गोपीनाथच्या खांद्यावर काहीतरी गरम पडलं, आणि तो घाम नव्हता, हे गोदानं मागून पाहिलं.

"बाबा? काय कलतंय?"

"ओढ," धाकूबा म्हणाला. "आजच ओढ. रातीला येल."

गडी धावले. फळ्या मिठात पडल्या, खरखर आवाज सुटला. पोपट धोतर खोचून उतरला, सखुआत्यासुद्धा उतरली, साठीची बाई, कुणाकडे न बघता. गोपीनाथनंही उतरायला हवं होतं. तो म्हाताऱ्याला बांधावर ठेवायला वाकला.

"थांब रं," धाकूबा त्याच्या कानाशी म्हणाला. "जरा फुडं ने. त्या उंबरापतुर. मागली कोंडी कशी हाय ती बगायची हाय."

मीठ ओढायचं होतं, ढग वर येत होते, एकेक हात मोलाचा होता. गोपीनाथनं बापाला पाठीवर पुन्हा नीट घेतलं आणि तो चालायला लागला, उंबरापर्यंत, आणि उंबर आला तरी थांबला नाही.

गोदा बांधावरच उभी राहिली. संध्याकाळची गोळी द्यायची वेळ झाली होती. तिनं डबी उघडली, बंद केली, आणि ते दोघे परत फिरायची वाट बघत राहिली.